शालेय मंत्रिमंडळ: आधी काम ठरवा, मग बिल्ला द्या

जुलै उजाडला की हायस्कूलमध्ये एक ठरलेला प्रसंग घडतो. वर्गशिक्षक हजेरी संपवून विचारतात, "मॉनिटर कोण होणार?" तीन-चार हात वर होतात. सर त्यातलं अंगानं थोराड आणि खणखणीत आवाजाचं पोरगं उभं करतात, बाकीचे टाळ्या वाजवतात, झाली निवड. पंधरा दिवसांनी तशाच घाईत मंत्रिमंडळ तयार होतं, शपथविधीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर पडतो. दसऱ्याच्या आसपास सहज विचारून बघा, सहलमंत्री कोण आहे म्हणून. खुद्द सहलमंत्र्यालाही आठवत नाही.

मी दुसऱ्यांच्या शाळेला नावं ठेवत नाहीये. माझ्याकडे हे काम पहिल्यांदा आलं तेव्हा मीच हौसेनं बावीस बिल्ले छापून आणले होते. खात्यांची यादी कुठल्याशा फलकावरून उतरवून घेतलेली. त्यात संरक्षणमंत्रीही होता. त्याला काय काम द्यायचं हे मला माहीत नव्हतं, त्याला तर नव्हतंच. त्यानं आपला मार्ग काढला: हातात छडी घेऊन तो फाटकाशी उभा राहायला लागला आणि उशिरा येणाऱ्या पाचवीच्या लेकरांना उठाबशा काढायला लावू लागला. एका आजीनं येऊन माझी खरडपट्टी काढली तेव्हा मला ते कळलं.

त्या वर्षानंतर मी क्रम उलटा केला. आधी कामं शोधायची, मग पदं ठरवायची, मग निवडणूक. खाली लिहिलंय ते मराठवाड्यातल्या पाचवी ते दहावीच्या, दोन-दोन तुकड्यांच्या, आसपासच्या पाच-सहा गावांतून पोरं येणाऱ्या हायस्कूलला डोळ्यांसमोर ठेवून.

जूनचा शेवटचा आठवडा: वही घेऊन शाळाभर फिरा

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, पण प्रवेश, दाखले, तुकड्यांची अदलाबदल महिनाअखेरीपर्यंत चालते. तोवर मतदारयादी करण्यात अर्थ नाही. हे दिवस पाहणीसाठी वापरा. परिपाठाच्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत एक दिवस नुसतं फिरा आणि जिथं अडतं ते लिहा. नळाशी झुंबड, क्रीडासाहित्याच्या खोलीला कायम कुलूप, वाचनालयाचं कपाट उघडतं फक्त तपासणीच्या दिवशी, पोषण आहाराच्या रांगेत शेवटच्या तुकडीला खरवड, सायकली एकात एक अडकलेल्या.

आता प्रत्येक अडचणीला तीन प्रश्न लावायचे. हे काम पोरांच्यानं होण्यासारखं आहे का? ते रोज किंवा आठवड्याला कधी करायचं, हे सांगता येतं का? आणि झालं नाही तर कुणाच्या लक्षात येईल? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच खातं काढायचं. या चाळणीतून आमची बावीस खाती सातावर आली: पाणी, स्वच्छता व आरोग्य, पोषण आहार, क्रीडा, वाचनालय, परिपाठ व कार्यक्रम, सायकल व बस. वर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री. अर्थ, गृह, परराष्ट्र ही खाती राज्य आणि केंद्र सरकारला लखलाभ.

पाण्याचं खातं मात्र आपल्याकडे बिनमहत्त्वाचं धरू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वॅगन आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी घागरींच्या रांगा लागल्या होत्या ती आजची दहावी-बारावीची पोरं आहेत. पाणी म्हणजे काय हे त्यांना धड्यातून शिकवावं लागत नाही.

आमच्या एका पाणीमंत्र्याची गोष्ट सांगतो. आठवीतली पोरगी, बोलायला अगदी कमी. टाकी होती दोन हजार लिटरची, काळी, झाकण तुटलेली. तिनं पहिल्याच आठवड्यात बांबूची एक काठी आणली, तिच्यावर लाल रंगानं चार खुणा केल्या, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण, आणि रोज परिपाठाआधी शिपाईमामांकडून काठी टाकीत बुडवून घेऊन वहीत नोंद करू लागली. स्वतः शिडीवर चढायचं नाही, हा माझा नियम. तीन आठवड्यांनी वही माझ्यासमोर धरली. "सर, सोमवारी टाकी रिकामीच ऱ्हायलीय. शनवारी दुपारी भरून ठिवतेत, मग जातंय कुठं?" वही खरोखर बोलत होती: शुक्रवारी अर्धी, शनिवारी पूर्ण, सोमवारी तळाला. शोध घेतला तर मुलांच्या स्वच्छतागृहातल्या एका नळाची तोटी झिजलेली, दीड दिवस बारीक धार चालू. ऐंशी रुपयांच्या तोटीनं प्रश्न मिटला. आम्ही शिक्षक तीन वर्षं "पाणी पुरत नाही" म्हणून टँकरसाठी अर्ज करत होतो.

पोषण आहाराच्या खात्याबद्दल थोडं सावध राहा. योजना आठवीपर्यंतची आहे. सहावी ते आठवीला दिवसाला माणशी १५० ग्रॅम तांदूळ, पाचवीला १०० ग्रॅम. साठा, वजन, चव रजिस्टर ही सगळी शिक्षकांची आणि शाळेची जबाबदारी, ती पोरांच्या गळ्यात घालू नका. मंत्र्यानं बघायचं ते एवढंच: रांग तुकडीनिहाय आलटून-पालटून लागते का, हात धुतले जातात का, शेवटच्याला पुरतं का. चुलीजवळ किंवा गॅसजवळ जायचं नाही.

कोणती कामं अजिबात द्यायची नाहीत तेही याच वेळी लिहून ठेवा. फी किंवा वर्गणी गोळा करणं, शिक्षक तासाला आले की नाही याची नोंद, शिक्षा म्हणून कुणाकडून झाडलोट करून घेणं. आणि तक्रारपेटी उघडणं. पेटीत काय चिठ्ठी निघेल सांगता येत नाही. कुण्या मुलीनं भीतभीत लिहिलेलं तिच्याच वर्गातल्या मंत्र्यानं वाचलं तर ती पुन्हा लिहिणार नाही. पेटी मुख्याध्यापकांनी, जबाबदार शिक्षिकेसमक्ष उघडायची. मंत्रिमंडळानं पेटीशेजारी १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक ठळक लिहून लावावा, तेवढं पुरे.

उभं कोण राहू शकेल

टक्केवारीची अट घालू नका. बहुतेक शिक्षकांचा पहिला मोह तोच असतो, पहिल्या पाचातला पाहिजे. पण सायकली ओळीत लावून घ्यायला ८५ टक्के कशाला लागतात? मी एकच अट ठेवतो, हजेरी. रोज येणारं पोरगं चालेल.

दहावीला मंत्रिपद देत नाही. आपल्याकडे दहावी म्हणजे घरात लग्न असावं तसं वातावरण असतं, त्यात लातूर पॅटर्नच्या या मुलखात पालक ऑगस्टपासूनच "सर, त्याला ह्यातून मोकळं करा" म्हणत येतात. त्यांचंही चूक नाही. मुख्यमंत्री नववीचा किंवा नववीची, खाती सातवी ते नववीला, दहावीनं मतदान करायचं आणि निवडणुकीच्या दिवशी अधिकारी म्हणून बसायचं.

मुलींसाठी जागा राखून ठेवा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, मग शाळेत का नकोत? आमच्याकडे प्रत्येक वर्गात एक वर्गनायक, एक वर्गनायिका, आणि मुख्यमंत्री मुलगा झाला तर उपमुख्यमंत्री मुलगीच. मुलगी झाली तर मुलगा. पण जागा राखून काम संपत नाही. गावात 'सरपंचपती' असतो तसा शाळेतही तयार होतो. मंत्री मुलगी, वही मात्र तिच्या वर्गातला एक पोरगा घेऊन फिरतो, "ती लाजते सर" म्हणतो. मी सरळ सांगतो, सही जिची, बोलणारीही तीच. पहिल्या दोन सभांना ती चाचरत बोलते, तिसरीला बोलते.

आता एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या शाळांना सांगावी लागत नाही. बीडच्या बाजूला, आणि लगतच्या जिल्ह्यांतल्याही बऱ्याच गावांत, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातात, आणि लहान भावंड सांभाळायला म्हणून चुणचुणीत लेकरूही गाडीत बसतं. हंगाम एप्रिलपर्यंत चालतो. दिवाळीची सुट्टी संपवून आपण येतो तर क्रीडामंत्री नाही आणि साहित्याच्या खोलीची किल्लीही नाही. आमच्याकडे हे झालंय. किल्ली सांगलीच्या बाजूला कुठल्याशा फडावरून दीड महिन्यानं परत आली, फडक्यात बांधून.

म्हणून "तुझे आई-बाप तोडीला जातात, तू उभा राहू नको" असं चुकूनही म्हणायचं नाही. प्रत्येक खात्याला पहिल्या दिवसापासून एक उपमंत्री द्यायचा आणि दोघांनी आठवडा आड आठवडा काम करायचं. मंत्री गेला तर उपमंत्री चालवतो, परत आला की त्याचं पद त्याला. शिवाय हा एक चांगला निरोप असतो. मागं हंगामी वसतिगृहात राहण्याचा पर्याय असेल तर "शाळेत तुझं काम आहे" हे कारण लेकराला बापापुढं मांडता येतं. कधी ते चालतं, बहुतेकदा चालत नाही.

अर्ज, चिन्ह, प्रचार

हा भाग लवकर उरकतो. सूचनाफलकावर पाच तारखा लावा: अर्ज, छाननी, माघार, मतदान, शपथ. आषाढीचा आठवडा टाळा, निम्मी गावं दिंडीच्या मागं असतात. अर्ज अर्ध्या पानाचा: नाव, तुकडी, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या, आणि "मी हे काम करीन" या शीर्षकाखाली तीन ओळी. सूचक आपल्या गावचा नसावा, अशी एक अट मी घालतो. या एका अटीनं पोरं दुसऱ्या गावच्या पोरांशी बोलायला लागतात.

चिन्हं घरातली, दप्तरातली द्या: डबा, पट्टी, घंटा, पेन्सिल. कुठल्याही पक्षाचं चिन्ह, रंग, घोषणा, गळ्यात उपरणं चालणार नाही हे आधीच सांगा. नाही तर ग्रामपंचायतीचं सगळं भांडण दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात येतं. एका वर्षी एका उमेदवाराच्या काकांनी प्रत्येक मतदाराला पेन वाटायला खोकंच पाठवलं होतं. मी ते खोकं शाळेला भेट म्हणून जमा करून घेतलं, पावती दिली आणि परीक्षेत सगळ्यांना एकेक पेन वाटलं. काका दोन महिने बोलले नाहीत.

प्रचार म्हणजे हातानं रंगवलेला एकच कागद आणि परिपाठात दोन मिनिटांचं भाषण. भाषणानंतर तीन प्रश्न प्रेक्षकांतून, चिठ्ठी टाकून काढलेले. हे प्रश्न वगळू नका. "तू निवडून आल्यावर रोज क्रिकेट ठेवीन म्हणतोस, बॅट एकच आहे, मुलींनी काय करायचं?" असा प्रश्न सहावीतल्या पोरीनं विचारला होता. उमेदवाराचं उरलेलं भाषण तिथंच संपलं.

बिनविरोधचा मोह शाळेतही असतो, गावकऱ्यांना त्याचं फार कौतुक. एकच अर्ज आला तर मी त्याच्यापुरतं 'हो' किंवा 'नाही' असं गुप्त मतदान घेतो. कधी कधी तो एकच अर्ज का आला, याचं उत्तर त्या चिठ्ठ्यांत असतं.

मतदानाचा दिवस

मोबाईलवर मतदान यंत्रासारखं ॲप मिळतं, बटण दाबलं की बीप वाजतं, पोरं खुश. मी ते दोन वर्षं वापरलं आणि सोडलं. हरलेल्या पोरानं एकच वाक्य टाकलं, "सर, मोबाईल तर तुमचाच हाय की." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कागदी चिठ्ठी त्याच्या डोळ्यांसमोर उघडता येते.

एका खोलीत तीन टेबलं लावा. पहिल्यावर मतदारयादी, तिथला अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो, म्हणजे उमेदवारांचे प्रतिनिधी ऐकतात आणि खूण करतात. दुसऱ्यावर सही आणि शाई. तिसऱ्यावर मतपत्रिका. पलीकडे टीव्हीचं रिकामं खोकं आडवं ठेवून मतदान कक्ष, आणि पेटी म्हणून कुलूप लावलेला पत्र्याचा डबा. सुरू होण्याआधी डबा उलटा करून सगळ्यांना रिकामा दाखवा. खऱ्या निवडणुकीतली न पुसणारी शाई म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते, १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. आपण स्टॅम्प पॅडची निळी शाई वापरायची. संध्याकाळी ती धुतली जाते याचं पाचवीला फार वाईट वाटतं.

नववी-दहावीसाठी निवडणूक आयोगाच्या मतदार साक्षरता मंडळांचा उपक्रम २०१८ पासून आहे. तुमच्या शाळेत असं मंडळ कागदोपत्री असेल तर त्यालाच हे काम द्या, ते कागदावरून खाली उतरेल.

मोजणी: इथं घाई नको

सगळ्यात जास्त मतं त्याचा विजय, ही पद्धत सोपी आहे, पण आपल्या शाळांत ती एक ठरावीक गोष्ट करते. ज्या गावची पोरं जास्त, त्या गावचा मुख्यमंत्री. बाकी चार गावांची मतं चार जणांत फुटतात आणि मोठ्या गावचा उमेदवार तिसऱ्या हिश्श्याच्या मतांवर निवडून येतो. वर्गातही तसंच, भावकी मोठी त्याचा मॉनिटर.

यावर उपाय आम्हा शिक्षकांना चांगला ठाऊक आहे, कारण विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात आपण तसंच मतदान करतो: जांभळ्या स्केचपेननं नावापुढं १, २, ३ असा पसंतीक्रम. तोच शाळेत आणा. आमच्या नववी अ मधला हिशेब देतो, म्हणजे पद्धत कळेल.

पट ५८, हजर ५४, एक मत बाद, वैध ५३. जिंकायला निम्म्याहून जास्त पाहिजेत: ५३ ला दोननं भागलं, २६, बाकी सोडून दिली, अधिक एक, म्हणजे २७. हा झाला कोटा. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: पट्टी १९, डबा १६, घंटा १२, पेन्सिल ६. जुन्या पद्धतीनं पट्टीचा जयजयकार झाला असता. पण २७ कुणाचेच नाहीत. सगळ्यात मागं पेन्सिल, म्हणून पेन्सिल बाद. तिच्या सहा मतपत्रिका उघडून दुसरी पसंती बघितली: चार डब्याला, एक पट्टीला, एक घंटेला. आता पट्टी २०, डबा २०, घंटा १३. अजून कोटा नाही. घंटा बाद. तिच्या तेरा पत्रिकांवर पुढची शिल्लक पसंती कुणाला ते बघितलं: नऊ डब्याला, तीन पट्टीला, एका पत्रिकेवर पुढची पसंतीच नव्हती, ती बाजूला. डबा २९, पट्टी २३. डबा निवडून आला.

हे सगळं फळ्यावर, खडूनं, पत्रिका एकेक करून उंच धरत. शेवटच्या फेरीला वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पट्टीवाला पोरगा मोठ्या वस्तीचा होता, त्याच्या मित्रांनी आधी आरडाओरड केली, "१९ जास्त का १६ जास्त?" त्यानं स्वतः फळ्यापुढं उभं राहून बेरीज तपासली आणि म्हणाला, "बरोबर हाय, गपा." पुढं त्यालाच आम्ही विरोधी पक्षनेता केलं. हे पद जरूर ठेवा. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सभेत बसण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क. मंत्र्यांच्या वह्या मी तपासतो त्यापेक्षा तो कडक तपासतो.

बाद मत कोणतं हे आधी शिकवा: १ हा आकडा कुणापुढंच नाही, किंवा दोघांपुढं आहे, किंवा आकड्याऐवजी बरोबरची खूण केली आहे. पाचवी-सहावीसाठी आदल्या दिवशी आंबा, पेरू, बोर, सीताफळ यांची रंगीत तालीम घ्या. आमच्याकडे सीताफळ तिसऱ्या फेरीत निवडून आलं. बालाघाटाचा डोंगर जवळ असल्याचा परिणाम असावा.

मुख्यमंत्री थेट सगळ्या शाळेनं निवडावा की वर्गनायकांनी, असा प्रश्न दरवर्षी शिक्षकांच्या बैठकीत निघतो. नागरिकशास्त्राच्या दृष्टीनं दुसरी पद्धत बरोबर, आमदारच नेता निवडतात. दोन्ही करून पाहिल्यावर मी थेट मतदानाच्या बाजूचा आहे. चोवीस वर्गप्रतिनिधींना भेळ खाऊ घालणं सोपं असतं, चारशे जणांना अवघड.

शपथ आणि पहिले पंधरा दिवस

शपथ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घ्या. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंतीचा कार्यक्रम असतोच, त्यालाच जोडली तर वेगळा दिवस मोडत नाही. शपथेत "कर्तव्यनिष्ठेने" वगैरे शब्द दोन ओळींत संपवा आणि तिसरी ओळ ज्याच्या-त्याच्या कामाची असू द्या: "मी रोज परिपाठाआधी टाकीची नोंद करीन." बिल्ला आम्ही शपथेच्या दिवशी देत नाही. पंधरा दिवसांच्या नोंदी पूर्ण झाल्या की १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला देतो. या पंधरा दिवसांत दोन-तीन जण गळतात. चांगलं असतं ते, लवकर कळतं.

परिपाठ खात्याला पहिलं मोठं काम १७ सप्टेंबरचं. १९४८ साली या दिवशी निजामाच्या राजवटीतून आपण सुटलो, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत झेंडावंदन होतं आणि भाषणं मात्र दरवर्षी तीच. एका वर्षी पोरांनी ठरवलं की भाषण नको, आपापल्या गावात रझाकारांच्या काळातलं काय ऐकायला मिळतं ते म्हाताऱ्यांकडून लिहून आणायचं. कुणी बुजवलेल्या पेवाची, म्हणजे धान्य साठवायच्या खड्ड्याची, गोष्ट आणली, कुणी रातोरात गाव सोडून डोंगरात काढलेल्या दिवसांची. पाहुणे म्हणून आलेल्यांचं भाषण त्या वर्षी आपोआपच छोटं झालं.

सभा आणि इतिवृत्त

महिन्यातून दोनदा, मधल्या सुट्टीला जोडून, पाऊण तास. शाळा सुटल्यावर सभा ठेवू नका. मानव विकास योजनेतली शाळकरी मुलींची निळी बस ठरल्या वेळी निघते, ती चुकली तर मुलींना पाच-सात किलोमीटर पायपीट, आणि असं एकदा झालं की घरून "मंत्रिपद नको" असा निरोप येतो. माझ्या चुकीमुळं एक हुशार वाचनालयमंत्री अशीच गेली.

इतिवृत्ताची वही उभ्या पाच रकान्यांची: विषय, काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, झालं का. शेवटचा रकाना पुढच्या सभेच्या सुरुवातीला भरायचा. नमुना म्हणून एक नोंद जशीच्या तशी देतो:

"विषय: मुलींना व्हॉलीबॉल मिळत नाही. ठरलं: सोमवार, बुधवार मुली, मंगळवार, गुरुवार मुलं, शुक्रवारी दोघं मिळून. कोण: क्रीडामंत्री. कधी: येत्या सोमवारपासून. झालं का: सोमवारी झालं. बुधवारी मुलांनी बॉल दिला नाही. पुन्हा विषय घेतला."

शिक्षकानं सभेत बसावं, पण बाजूला. माझी खुर्ची मी दाराजवळ ठेवतो. पोरं बोलताना सरांच्या तोंडाकडं बघतात, ती सवय मोडायला दोन-तीन सभा लागतात. मुख्याध्यापकांशी आधीच एक गोष्ट ठरवून घ्या: मंत्रिमंडळाच्या प्रत्येक ठरावाला आठ दिवसांत लेखी उत्तर, 'हो', 'नाही' किंवा 'थांबा', आणि कारण एका ओळीत. "मैदानावर दिवे हवेत" याला "नाही, वीजबिल" असं उत्तर आलं तरी पोरं नाराज होत नाहीत. उत्तरच आलं नाही की होतात.

पैशाचं थोडक्यात: पोरांच्या हातात रोकड द्यायची नाही. वर्तमानपत्रांची रद्दी विकून आलेले आणि शाळेनं दिलेले मिळून पाच-सातशे रुपये कार्यालयात कारकुनाकडे ठेवा. खर्च मंत्रिमंडळ ठरवतं, पावती वहीत चिकटवली जाते, महिन्याला हिशेब फलकावर लागतो. "नळाची तोटी ८०, टेफ्लॉन टेप २०, शिल्लक ४१५." गावच्या ग्रामसभेत हिशेब विचारणारी पोरं तयार झाली तर मला जबाबदार धरू नका.

वर्गनायकाचं काय

मंत्रिमंडळाचा गाजावाजा होतो, रोजचा त्रास मात्र वर्गनायकाच्या वाट्याला येतो. आपण त्याला पहिलं काम काय देतो? सर वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. हे काम बंद करा, माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याशी भांडण त्याचं नाव वर, मित्राचं नाव पुसलेलं, नावापुढं फुल्या वाढत जातात, आणि मधल्या सुट्टीत त्या फुल्यांचा भाव ठरतो. एका वर्गात दोन फुल्या पुसायला एक शेंगदाण्याची चिक्की असा दर होता. सर येऊन नावं असलेल्यांना छडी मारतात, म्हणजे मार देणारा खरा तो वर्गनायकच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. ती दुसऱ्या पोराच्या हातून करून घेतली म्हणून कायदेशीर होत नाही.

त्याऐवजी द्यायची कामं: तास मोकळा असेल तर पाच मिनिटांत कार्यालयात कळवणं, खडू-डस्टर, दोन दिवस गैरहजर असलेल्याच्या घरी शेजारच्या पोराकरवी निरोप, नवीन आलेल्याला बसायला जागा आणि आठवडाभर सोबत. शेवटचं काम वर्गनायिका जास्त चांगलं करतात असा माझा अनुभव, मुलांनी राग मानू नये. वर्गनायकाची मुदत एक सत्र ठेवा, दिवाळीनंतर नवी निवड. वर्षभरात चार जणांना संधी मिळते आणि चिक्कीचा दरही स्थिर होत नाही.

काम न करणाऱ्याचं काय? सलग दोन सभांना न सांगता गैरहजर, किंवा वहीत पंधरा दिवस कोरे, तर पदभार उपमंत्र्याकडे. बिल्ला काढून घेण्याचा कार्यक्रम परिपाठात करू नका, तशी हौस काही जणांना असते. खोलीत बोलावून विचारा. एकदा असाच कोऱ्या वहीवरून रागावलो तर पोरगं म्हणालं, "आई दवाखान्यात हाय सर, म्हशीचं मीच बघायलोय." त्यानं महिनाभराची रजा लिहून दिली, मंत्र्यासारखी, विषय आणि दिनांकासह.

फेब्रुवारीमध्ये

दहावीच्या परीक्षेसाठी खोल्या रिकाम्या करण्याआधी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेवटची सभा घ्या. प्रत्येक खात्यानं वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीच्या मंत्र्यासाठी दहा ओळी लिहायच्या आणि वही, किल्ल्या, साहित्याची यादी कार्यालयाच्या एका कपाटात जमा करायची. आमच्या त्या पाणीमंत्र्यानं लिहिलं होतं: "काठी स्टोअरच्या दारामागं आहे. खुणा पुसत आल्यात, लाल रंग द्या. मुलांकडच्या दुसऱ्या नळावर लक्ष ठेवा, तोही झिजायलाय."

जूनमध्ये नवी पोरगी वही वाचून सरळ त्या नळाकडं गेली.